साईडकारची बुलेट: फोर्क तसाच ठेवावा, टी बदलावी की लीडिंग लिंक लावावी?

बुलेटला साईडकार जोडली की आठवड्याभरात खांदे बोलायला लागतात. बेळगावच्या गणपत गल्लीतून गाडी बाहेर काढेपर्यंत घाम फुटतो. आमच्या गल्लीतले एक काका माझी कसरत बघून म्हणाले, "मर्दा, त्यापेक्षा बैल वळवणं सोपं की!" तेव्हापासून पुढच्या चाकाच्या भूमितीत डोकं घातलंय. ज्यांना आता हाच निर्णय घ्यायचाय त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी दुखणं समजून घेऊ. हँडल ज्या दांड्यावर फिरतं त्या दांड्याची तिरकी रेषा जमिनीपर्यंत नेली, की ती टायर जिथं टेकतो त्याच्या पुढं पडते. एक्सलवरून ओळंबा सोडा, दांड्याच्या रेषेत सरळ पट्टी धरा आणि जमिनीवरच्या दोन खुणांमधलं अंतर मोजा. तो झाला ट्रेल. सोलो, म्हणजे साईडकार नसलेल्या गाडीला तो भरपूर लागतो, त्याच्यामुळंच चाक आपोआप सरळ होतं. पण सोलो गाडी झुकून वळते. साईडकारवाली झुकतच नाही, त्यामुळं प्रत्येक वळणावर चाकाच्या या सरळ होण्याच्या हट्टाशी आपल्या दंडांना झुंजावं लागतं. ट्रेल कमी केला की झुंज कमी होते. पर्यायांचा सगळा घोळ तो किती आणि कसा कमी करायचा एवढ्याचाच.

पण थांबा, आधी टो-इन बघा, म्हणजे साईडकारचं चाक पुढच्या बाजूनं बुलेटकडं किती वळलंय ते. पहिलं वर्षभर मी फोर्कला (पुढचं चाक धरणाऱ्या दोन पाईपांच्या जोडीला) शिव्या घातल्या, आणि शेवटी टो-इन ४५ मिलिमीटर निघालं! बसवणाऱ्यानं नजरेनंच जोडलं होतं. बुलेटच्या चाकांना एक आणि साईडकारच्या चाकाला एक अशा दोन सरळ पट्ट्या लावा. मागच्या एक्सलपाशी त्यांच्यात जेवढं अंतर आहे, त्यापेक्षा पुढच्या एक्सलपाशी साधारण १२ ते २० मिलिमीटर कमी हवं. आपल्याकडं साईडकार डावीकडं आणि रस्त्याचा उतारही डावीकडंच, म्हणून बुलेट उजवीकडं एक-दोन अंश कललेली ठेवायची. हे माप नेहमीचं माणूस आणि सामान बसवून घ्यायचं, रिकाम्या गाडीवर नाही. एवढं केल्यावर निम्म्या लोकांची तक्रार संपेल असं माझं मत आहे.

उरलेल्यांसाठी आता तुलना. हिशेबाला आकडे धरू: चाकाची त्रिज्या ३३० मिलिमीटर, दांड्याचा कल उभ्या रेषेपासून २७ अंश, दांडा आणि फोर्क यांच्यातलं अंतर ५० मिलिमीटर. ट्रेल येतो साधारण ११२.

मूळ फोर्क ठेवून फोर्कचे पाईप टीमध्ये (हे पाईप हँडलच्या दांड्याशी धरून ठेवणाऱ्या जोडात) २० मिलिमीटर वर सरकवले तर ट्रेल जेमतेम ५-६ मिलिमीटरनं घटतो. एवढ्यासाठी पाने काढू नयेत. पुढचं चाक २५ मिलिमीटर कमी त्रिज्येचं घातलं तर वीसेक मिलिमीटर सुटतात, पण गाडी नाकावर बसते आणि खानापूरकडच्या खड्ड्यांत सायलेन्सर घासतो. मूळ फोर्कच्या बाजूनं एकच मोठी गोष्ट: रविवारी साईडकार काढली की गाडी पुन्हा जशीच्या तशी सोलो.

टी बदलणं म्हणजे वरची आणि खालची टी अशी नवी करायची की फोर्क दांड्यापासून जास्त पुढं जाईल. २० मिलिमीटर पुढं नेलं की ट्रेल २२ नं घटून ९० वर येतो. फरक पहिल्याच वळणावर कळतो. बेळगावात राहण्याचा इथं फायदा आहे. उद्यमबागेत चांगला टर्नर आणि मिलिंग मशीन शोधायला लांब जावं लागत नाही. फाउंड्र्याही आहेत, पण म्हणून कुणा मित्राच्या फाउंड्रीतून एक नग ओतून घेऊ नका. आतला पोकळ फुगा बाहेरून दिसत नाही, आणि ही वस्तू तुटली तर पुढचं चाकच निघून जातं. ग्रेड माहीत असलेल्या अखंड ठोकळ्यातून कापून घ्या. जुन्या टीवर वेल्डिंग तर अजिबात नको. ब्रेकचा पाईप आणि केबल पुरतात का तेही आधी बघा.

काहीजण फक्त खालची टी जास्त पुढं काढतात. फोर्क बाहेर फेकला जातो, ट्रेल झपकन उतरतो. पण तिरक्या पाईपला वाकवणारा जोर वाढतो आणि तो आत-बाहेर अडखळत सरकतो. मला हा प्रकार पटलेला नाही.

टीचा खरा धोका वेगळाच आहे. नवी टी ठेवून साईडकार काढली आणि सोलो निघालात, तर वेगात गाडी चंचल होते. साईडकार काढली की जुनी टी परत बसवायलाच हवी, आळस चालणार नाही.

बीएमडब्ल्यूनं यावर सुरेख तोडगा काढला होता. १९५५ ते १९६९ च्या त्यांच्या गाड्यांना अर्ल्स फोर्क असायचा, आणि पुढच्या चिमट्याच्या सांध्याला दोन जागा होत्या: एक सोलोसाठी, एक साईडकारसाठी. बोल्ट काढा, दुसऱ्या भोकात घाला. रशियन उरल गाड्याही याच जातीच्या, लीडिंग लिंक फोर्कवर चालतात.

लीडिंग लिंकमध्ये सांधा मागं आणि चाक त्याच्या पुढं. एक्सलची जागा हवी तिथं ठेवता येते, म्हणून ट्रेल ५०-६० पर्यंत आणता येतो. पण मला याहून महत्त्वाचं वाटतं ते आडवं बळ. गाडी झुकत नसल्यानं वळणावर चाकाला बाजूचा रेटा बसतो. टेलिस्कोपिक फोर्कचे बारीक पाईप त्यानं पिळतात आणि बुश खातात. जांबोटीवरून चोर्ला घाट उतरताना हे हातांना जाणवतं: ब्रेक दाबला की नाक खाली, ट्रेल बदलतो, आणि साईडकारला ब्रेक नसेल तर गाडी उजवीकडं ओढते. लीडिंग लिंक नाक खाली जाऊ देत नाही. उलट ब्रेकची पकड थेट लिंकवर असेल तर नाक वर उचलतं, म्हणून वेगळी टॉर्क आर्म (ब्रेकचा जोर लिंकऐवजी फोर्कच्या सांगाड्यावर नेणारी दांडी) लावून घ्यावी. दुसरी बाजू म्हणजे वजन, टीच्या कित्येक पट खर्च, आणि पावसाळ्यातली तांबडी राड. सांध्यांना ग्रीस निपल नसेल तर दोन पावसाळ्यांत बुश खडखडतात.

मग घ्यायचं काय? शहरात, फार तर निपाणीपर्यंत हायवेनं फिरणार, अधूनमधून सोलोही हवी, तर टी. साईडकार कायमची, आत दोन माणसं किंवा सामान, आणि महिन्यातून दोनदा घाट, तर पैसे साठवून लीडिंग लिंक. वर्षातून चारदा जत्रेला न्यायची असेल तर टो-इन नीट करा आणि खांद्याला तेल लावा.

काम सुरू करण्याआधी आरटीओत विचारून घ्या. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेतल्या बदलांवर बंधन घालतं, आणि अपघातानंतर विमा कंपनी आरसी बुकच आधी उघडते.

ट्रेल कसाही कमी केलात तरी ताशी ३० किलोमीटरच्या आसपास हँडल डुगडुगतं, म्हणून ते डुगडुगणं शोषणारा स्टेअरिंग डॅम्पर लावाच. पहिली चाचणी मोकळ्या मैदानात, साईडकारमध्ये वाळूचं पोतं ठेवून करा. डावं वळण अगदी हळू घ्या, कारण तिकडंच साईडकारचं चाक उचलतं.