दोन ओपिनेल, आठ महिने

गेल्या जूनमध्ये ओपिनेल या फ्रेंच कंपनीचे आठ नंबरचे दोन घडीचे चाकू एकदमच घेतले. एक कार्बन स्टीलचा, दुसरा इनॉक्स, म्हणजे स्टेनलेसचा. दोघांची मूठ बीच नावाच्या झाडाच्या लाकडाची, पातं साडेआठ सेंटिमीटरचं आणि ते उघडल्यावर अडकवणारी फिरती कडीही तीच. फरक काय तो पोलादात. मी चिपळूणजवळ राहतो, त्यामुळे गंजाची परीक्षा मुद्दाम घ्यावी लागली नाही.

कार्बनच्या पात्यात कार्बन ०.९ टक्क्यांच्या आसपास, गंज रोखणारं क्रोमियम नावालाही नाही. पहिल्याच दिवशी लिंबू कापलं, पुसायचं राहिलं. चहा उकळेपर्यंत पात्यावर काळसर ढग आले. उरलेलं काम कोकमाने केलं. हा काळा थर घासून काढू नका, तांबड्या गंजाला तो थोडाफार आवर घालतो. थोडाफारच, कारण जुलैत चाकू रेनकोटच्या ओल्या खिशात रात्रभर विसरलो आणि सकाळी तांबडे ठिपके हजर. चूक माझीच. तेव्हापासून रात्री खोबरेलाचं बोट फिरवतो. सुरुवातीला कांद्याला लोखंडाचा वास यायचा, त्यावरून घरात बोलणी खाल्ली. थर नीट बसल्यावर वास गेला.

इनॉक्समध्ये कार्बन अर्ध्या टक्क्याच्या जवळपास आणि क्रोमियम १४ टक्क्यांच्या आसपास. मासे, लिंबू, पाऊस, सगळं झालं, डाग नाही. त्याहून नवल धारेचं. स्टेनलेस म्हणजे मऊ, हा माझा समज घरातल्या स्वस्त सुऱ्यांनी करून दिलेला. इथे तसं नाही, कारण पाणी नीट दिलंय.

पाणी म्हणजे लोहार कोयत्याला देतो तेच. साधं कार्बन पोलाद ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून तेलात बुडवलं की भयंकर कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळही. मग २०० अंशांच्या आसपास पुन्हा तापवून ठिसूळपणा उतरवायचा. स्टेनलेसला मात्र हजाराच्या वर न्यावं लागतं; क्रोमियमने धरून ठेवलेला कार्बन त्याखाली पुरेसा सुटत नाही. कमानपाट्याचा कोयता लोहार रंग बघून करतो. स्टेनलेसच्या पात्याला तो अंदाज पुरत नाही.

हे सगळं मला नोव्हेंबरात महागात पडून कळलं. आळस केला आणि कार्बनचा चाकू बाजारात विजेच्या मोटरवर फिरणाऱ्या सहाणेच्या चाकावर धार लावायला दिला. नुसत्या ठिणग्या, पाण्याचा थेंब नाही, अर्ध्या मिनिटात चाकू परत. धार चकचकीत, पण टोकाकडे बोटभर निळी झाक. हा निळा रंग पोलादावर ३०० अंशांच्या आसपास येतो. म्हणजे कारखान्यात दिलेलं पाणी तेवढ्या जागी उतरलं. कार्बन अजूनही ०.९ टक्केच, पण सुंभाच्या दोन गाठी कापल्या की तिथली धार वळते. त्याच पात्याचा मागचा भाग मात्र आठवडाभर टिकतो.

नवीन घेणाऱ्याने, विशेषतः कोकणात, इनॉक्सच घ्यावा. माझ्या खिशात तरीही कार्बनचाच असतो. ओल्या दगडावर पाच मिनिटांत त्याची धार परत येते, इनॉक्सला दुप्पट वेळ लागतो. त्या निळ्या भागावर रविवारी थोडं थोडं घासकाम चालू आहे. बोटभर होता, आता नखाएवढा उरलाय.