एप्सन एल-३२५०: शाई आपली, काउंटर कंपनीचा

छपाईच्या खर्चात टाकीत बाटलीने शाई ओतायच्या या प्रिंटरला नावं ठेवायला जागा नाही. ००३ नंबरची ६५ मिलीची काळी बाटली कंपनीच्या हिशेबाने ४,५०० पानं देते. शाई कंपनीचीच आहे का हे ओळखणारी चिप टाकीला नाही, त्यामुळे बाहेरची शाई ओतली म्हणून मशीन अडून बसत नाही. एचपीच्या बऱ्याच कार्ट्रिजवाल्या मॉडेलांत हे सुख नाही. परकी चिप दिसली की छपाई बंद.

अडवणूक आहे ती वेस्ट इंक पॅडची. हेड क्लीनिंगमध्ये, म्हणजे शाई सोडणाऱ्या हेडची छिद्रं साफ करताना, ओढलेली शाई मागच्या बाजूच्या स्पंजसारख्या पॅडमध्ये जाते. पॅड किती भरलं हे मोजणारा सेन्सर मात्र नाही. प्रत्येक क्लीनिंगला किती शाई गेली असेल याचा अंदाज फर्मवेअर, म्हणजे प्रिंटरच्या आतलं सॉफ्टवेअर, काउंटरमध्ये जमा करत राहतं. आकडा मर्यादेला पोचला की पॅडचं आयुष्य संपल्याचा संदेश येतो आणि छपाई थांबते. शाई ओसंडून टेबल खराब होईल, आत शॉर्ट होईल, हे कंपनीचं कारण खोटं नाही. पण नवं पॅड बसवल्यावरही काउंटर शून्य करायची सोय मालकाला दिलेली नाही, हे कसं पटावं?

पॅड बदलणं तसं सोपं. शाई वाहणारी नळी अलगद काढायची, नवं पॅड बसवून ती पुन्हा घट्ट लावायची. नळी सैल राहिली तर शाई खाली गळते. खरा पेच त्यानंतरचा. रीसेट होतं सर्व्हिस सेंटरच्या अॅडजस्टमेंट प्रोग्रॅममधून: यूएसबी केबल जोडून मेन पॅड काउंटर निवडा, चेक, मग इनिशियलाइज, प्रिंटर बंद-चालू. नेटवर फुकट मिळणाऱ्या त्याच्या कॉप्यांत व्हायरस असू शकतात. त्या कामाच्या कॉम्प्युटरवर टाकू नका. आणि पॅड न बदलता नुसता काउंटर शून्य करणारा दुकानदार भेटला तर तिथून उठा.

काउंटर हळू चढवणं मात्र आपल्या हातात आहे. पान फिकट आलं की आधी नॉझल चेक, म्हणजे हेडच्या छिद्रांची चाचणी छापून बघायची. त्यात रेघा तुटलेल्या असतील तरच क्लीनिंग. तीनदा करून फरक नाही पडला तर १२ तास मशीन तसंच ठेवा. पॉवर क्लीनिंग, म्हणजे जास्त जोराची सफाई, अगदी शेवटी, कारण त्यात सगळ्यात जास्त शाई वाया जाते, आणि टाक्या निदान एक तृतीयांश भरलेल्या लागतात. प्रिंटर त्याच्याच बटणाने बंद करा. भिंतीवरचं बटण दाबलं तर हेडवर टोपी बसत नाही, शाई सुकते आणि पुन्हा क्लीनिंग.

घरी आठवड्याला दहा-वीस पानं असतील तर एल-३२५० बिनधास्त घ्या. दुकानासाठी एल-६२७० बघा: वाया गेलेली शाई साठवणारा त्याचा टी०४डी१ मेंटेनन्स बॉक्स आपणच बदलू शकतो. चिप त्यालाही आहे, भरलेला बॉक्स धुऊन परत चालत नाही; पण नवा बॉक्स घातला की काम सुरू, सर्व्हिस सेंटरची चक्कर नाही.