व्हीसीआय पिशव्या आणि सिलिका जेल: अख्खा पावसाळा काढल्यावर

आमचं दुकान रत्नागिरीत, मिरकरवाडा बंदराच्या अंगाला. बोटींच्या डिझेल इंजिनांचं काम. 1 जूनपासून मासेमारी बंद, बोटी शाकारून किनाऱ्यावर, आणि नोझल, प्लंजर, रिंगा, लायनर, बेअरिंगं हा सगळा माल हंगाम उघडेपर्यंत फळीवर पडून. हवेतली आर्द्रता साधारण 60 टक्क्यांच्या वर गेली की उघड्या लोखंडाला गंज धरू लागतो, आणि मिठाचा अंश बसलेला असेल तर त्याआधीच. आमच्याकडे पावसात नव्वदी नेहमीचीच. म्हणून यंदा आगोटीला व्हीसीआय पिशव्या (गंज रोखणारं रसायन मिसळलेलं प्लास्टिक) आणि ओलावा शोषणारं निळं सिलिका जेल, दोन्ही आणलं. मेअखेरीस बांधलेला माल आता गिऱ्हाईक येईल तसा उघडतोय.

पिशव्यांवर मी खूश आहे. दिसायला साधं प्लास्टिक, पण त्यातलं रसायन सावकाश वाफ होऊन पिशवीभर पसरतं आणि धातूवर न दिसणारा थर धरतं. लायनर बाहेर काढले ते आले तसेच लखलखीत. ग्रीस धुवायला डिझेल नको, चिंध्या नकोत. नोझलची भोकं ग्रीसने बुजायची, ती कटकटही गेली. पण वस्तू आत जाताना स्वच्छ आणि कोरडीच हवी. पिस्टनच्या एका गजन पिनवर अंगठ्याचा ठसा तांबड्या गंजात उमटलाय, रेषान् रेष दिसते. पोराने घामेजल्या हाताने धरून तशीच आत सरकवली होती. आता पॅकिंगच्या टेबलावर सुती हातमोजे ठेवलेत. पितळी बुश, तांब्याचे वॉशर ठेवायचे असतील तर सगळ्या धातूंना चालणारी पिशवी मागून घ्या. नुसती लोखंडासाठीची असेल तर तांबं-पितळ उलट काळवंडू शकतं. नवीन बेअरिंगांना मात्र हात लावू नका. कंपनीचं सीलबंद पॅकिंग तसंच ठेवून आडवी ठेवायची, बस्स.

सिलिका जेलचं काम वेगळं. ते डब्यातला ओलावा ओढतं आणि भरलं की गुलाबी होतं. रबरी कडेच्या घट्ट झाकणाच्या डब्यात पावसाळाभर निळंच राहिलं. साध्या बरणीत मात्र बघता बघता गुलाबी झालं. बाहेरची हवा आत येत राहिली तर जेल तरी किती पुरणार? 120 डिग्रीला दोनेक तास तापवलं की परत निळं होतं. जास्त तापवलं तर रंग जळतो आणि मग भरलंय की नाही ते कळत नाही. निळ्या रंगात कोबाल्ट क्लोराइड असतं, तेव्हा स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये हे करू नका. केशरी रंगाचं, भरलं की हिरवं होणारं जेलही मिळतं. पुढच्या वेळी मी तेच घेणार.

कपड्यांच्या कपाटात ठेवतात ते पाणी जमवणारे डबे पार्टच्या कपाटात अजिबात नकोत. आत कॅल्शियम क्लोराइड असतं आणि खाली साचतं ते खारं पाणी. डबा कलंडला तर पावसापेक्षा वाईट.

बाबा कपाटात 40 वॅटचा बल्ब रात्रंदिवस जळत ठेवायचे. ती युक्ती खरीच होती. हवा दहा डिग्रीने तापली की तिची आर्द्रता जवळपास निम्म्यावर येते. एलईडीने ते होत नाही, आणि तसले बल्ब आता शोधावे लागतात. लाईट गेली की सगळंच थंड, तो भाग वेगळा.

ऑईल सील आणि ओ-रिंगांसाठी व्हीसीआयवर पैसे घालवू नका. त्यांना अंधार हवा आणि चालू मोटरपासून लांबची जागा हवी, कारण मोटरच्या ठिणगीतून निघणाऱ्या ओझोनने रबराला चिरा जातात. पुठ्ठ्याची खोकी मी काढूनच टाकली, पाणी पितात नुसती.

एक तक्रार आहे. उघड्या तोंडाच्या पिशव्या स्वस्त पडतात, पण चिकटपट्टी जुलैतच सुटायला लागली आणि तोंड उघडं राहिलं की आतली वाफ निघून जाते. झिपवाल्या थोड्या महाग असल्या तरी त्याच घ्या.