पोलो लोअर करून १७ इंची अलॉय टाकले, टायर घासायचा: आठ महिन्यांचा अनुभव

गाडी फोक्सवॅगन पोलो टीएसआय, आत्ता ७२ हजार किमी झालेत. नोव्हेंबरमध्ये गाडी ३५ मिमी खाली आणणारे लोअरिंग स्प्रिंग टाकले आणि कंपनीच्या १८५/६० आर१५ टायरच्या (रुंदी १८५ मिमी, उंची तिच्या ६० टक्के, रिम १५ इंची) जागी १७ इंची अलॉय, रुंदी ७.५ जे (म्हणजे ७.५ इंच), ऑफसेट ३५ (हा आकडा जितका कमी तितकं चाक बाहेर येतं), त्यावर २१५/४५ टायर. दुकानदार म्हणाला बिनधास्त टाका, काही होत नाही. आणि एकटा चालवत होतो तोवर खरंच काही झालं नाही, गाडी रस्त्याला चिकटून चालायची, इतकी छान दिसायची की पार्किंगमधून निघताना दोनदा मागे वळून बघायचो.

मग एका रविवारी आई, बाबा आणि मामा मागे बसले, नारायणपूरला निघालो, कापूरहोळहून आत वळलो आणि पहिल्याच स्पीडब्रेकरला मागून खर्रर्र असा आवाज. पुढच्या खड्ड्यात परत. मामा म्हणाले अरे थांबव, वास येतोय. उतरून बघितलं तर मागच्या डाव्या टायरच्या खांद्यावर गोल खाच पडलेली, बोट फिरवलं तर नखात अडकत होती. घरची माणसं बसलेली असताना टायरला असं झालेलं बघून पोटात गोळा आला. परत येताना चाळीसच्या वर गेलोच नाही.

पहिली चूक मी घाईत केली. एका गॅरेजवाल्याने सांगितलं फेंडरची (चाकावरच्या पत्र्याची) कड आत दुमडू, अर्ध्या तासाचं काम. त्याने गरम न करता थंडच पाइप घालून दाबली. कडेचा रंग तडकला, तेव्हा केसाएवढी रेघ होती म्हणून मी सोडून दिलं, जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावर तिथूनच गंज वर आला. आणि एवढं करून घासणं थांबलं का, तर नाही.

फेब्रुवारीत पुण्यात नाना पेठेत एका जुन्या टायरवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी पाना हातात घेतलाच नाही, आधी शाळेतला खडू आणायला लावला. फेंडरच्या आतल्या कडेला आणि प्लॅस्टिक लायनरला (चाकाच्या कमानीतल्या अस्तराला) खडू जाड फासला, मागे तिघांना बसवलं आणि म्हणाले जा एक चक्कर मारून ये, मग स्टेअरिंग पूर्ण फिरवून रॅम्प चढ. आल्यावर जिथला खडू पुसलेला तिथंच टायर लागतोय, अंदाज लावायची गरजच नाही. माझ्या गाडीत तीन जागा निघाल्या: मागे दोन्ही बाजूंना कमानीच्या वरची कड, आणि पुढे डावीकडे लायनरचा मागचा भाग. हा पुढचा फक्त सोसायटीच्या बेसमेंटमधून वर येताना स्टेअरिंग पूर्ण फिरवलं की लागायचा, म्हणून इतके दिवस कळलाच नव्हता.

मग त्यांनी वहीवर हिशोब मांडला, तो मला आधी कुणी सांगितला असता तर पैसे वाचले असते. कंपनीच्या टायरचा व्यास ६०३ मिमी, माझ्या २१५/४५ आर१७ चा ६२५. म्हणजे टायर वरच्या बाजूला ११ मिमी वाढला आणि गाडी ३५ ने खाली आली, दोन्ही मिळून वरची जागा ४६ मिमीने कमी, मी मात्र ३५ च धरून बसलो होतो. शिवाय रिम रुंद आणि ऑफसेट कमी, त्यामुळे चाक बाहेर पण आलं. पोलोला मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकं जोडणारा एकच दांडा) आहे, कँबर म्हणजे चाकाचा आत-बाहेर झुकाव अ‍ॅडजस्ट करायची सोयच नाही, लोड पडला की टायर सरळ वर जाऊन कडेला भिडतो. पुढचं चाक दबताना वरून थोडं आत झुकतं म्हणून पुढची कड वाचली.

तर २१५ काढून २०५/४५ आर१७ घेतले. व्यास ६१६, वर साडेचार मिमी आणि दोन्ही बाजूंना पाच-पाच मिमी जागा मिळाली. ऐकायला काहीच वाटत नाही पण निम्म्याहून जास्त फरक इथेच पडला. टायर छोटा घेताना लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) मात्र बघाच, कंपनीचा ८४ आहे, त्याच्या खाली जाऊ नका, मी ८८ वाला एक्सएल (जास्त लोडचा) घेतला. कड परत रोल केली म्हणजे आत दुमडली, यावेळी नीट: चाक काढून त्याच्या जागी हबवर रोलर बोल्ट केला, हीटगनने रंग गरम ठेवत हळूहळू दाब वाढवला, एका बाजूला पाऊण तास लागला, नवा तडा एकही नाही. पुढचा लायनर कापायला मी नको म्हणालो, पावसाळ्यात सगळा चिखल आत जातो, म्हणून गरम करून मागे दाबला आणि स्क्रू परत बसवले. मागचे बंप स्टॉप (स्प्रिंग पूर्ण दबल्यावर आदळ झेलणारे ठोकळे) हातात घेतल्यावर भुगा झाले, ते नवीन टाकले. हे ज्याने स्प्रिंग बसवले त्यानेच बघायला हवं होतं, याचा मला अजून राग आहे.

आता वाईट बाजू. मागे बसणाऱ्याला नव्या बंप स्टॉपमुळे दणका जास्त लागतो, आई तर आता पुढेच बसते. मायलेज शहरात १३ च्या आसपास, आधी १४ मिळायचं. सिंहगड रोडला पाण्याखाली खड्डा दिसला नाही आणि एक रिम वाकली, १५ इंचीवर वाचली असती असं मला वाटतं. पुढच्या टायरची आतली कड लवकर झिजत होती, अलाइनमेंट करून घेतल्यावर थांबलं. स्पीडोमीटर १०० दाखवतो तेव्हा गाडी कंपनीच्या टायरपेक्षा दोनेक किमी जास्त पळते. चौघं आणि सामान असेल तर हवा दोन पीएसआय जास्त ठेवतो. आणि इन्शुरन्सवाल्यांना बदल लेखी कळवा, मी उशिरा कळवलं.

गेल्या रविवारी परत नारायणपूरला गेलो, मागे तेच तिघं, आईला मुद्दाम मागे बसायला सांगितलं. पावसात खडू टिकत नाही म्हणून निघताना कडेला व्हाइटनर लावला होता. कापूरहोळचा तोच स्पीडब्रेकर, आवाज नाही. घरी येऊन टॉर्च मारून बघितलं, डावीकडचा व्हाइटनर जसाच्या तसा, उजवीकडे मात्र बोटभर पुसलेला. तेवढी कड आणि डावीकडचा गंज, दोन्ही पाऊस संपला की करून घेणार आहे.