ओओ की एन? ब्रिटिश मॉडेल रेल्वेचं माप ठरवताना

ओओ म्हणजे १:७६, म्हणजे खऱ्याच्या ७६ पट लहान; एन म्हणजे १:१४८. आकड्यांपेक्षा डबा हातात घेऊन बघा: ब्रिटिश रेल्वेचा मार्क १ डबा ओओमध्ये साधारण २६ सेंमी भरतो, एनमध्ये १३. आठ डब्यांची एक्सप्रेस पळवायची तर ओओला नुसत्या गाडीसाठीच दोन मीटरच्या वर जागा हवी, आणि वळणं वेगळीच.

ओओची खोड रुळांत आहे. ब्रिटिश इंजिनं मुळात अंगानं लहान, त्यात तेव्हाच्या मोटरी मावेनात. म्हणून वरचं शरीर वाढवलं, दोन रुळांमधलं अंतर मात्र १६.५ मिमीच ठेवलं; प्रमाणात ते १८.८३ हवं. समोरून बघितलं की इंजिन पाय जवळ घेऊन उभं असल्यासारखं दिसतं. एनमधलं ९ मिमी अंतरही थोडं कमीच, पण डोळ्यांना खुपत नाही.

तरी शंटिंग यार्ड (डबे जोडण्या-सोडण्याची जागा) किंवा ट्रामचा डेपो करायचा असेल तर मी ओओच घेईन. वाफेच्या इंजिनाची चाकं फिरवणाऱ्या कनेक्टिंग रॉडची हालचाल दिसते, जुना मालही भरपूर मिळतो. एन घ्यावं ते लांब गाड्यांसाठी. रुळावरून घसरलेला डबा परत बसवताना मात्र चष्मा लागतोच.