वेळासचा कासव महोत्सव: एका रात्रीत भागत नाही

वेळासला (ता. मंडणगड) कासवाची पिल्लं समुद्राकडे जाताना बघायला जाऊन एकही पिल्लू न बघता परतणारे पुष्कळ असतात. त्यात आयोजकांचा दोष नाही. ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची अंडी उबायला साधारण 45 ते 60 दिवस लागतात, वाळू गार असेल तर जास्तच. त्यामुळे पिल्लं कधी निघतील ते कासवमित्रही (घरटी राखणारे स्थानिक) अंदाजानेच सांगतात. दोन रात्री राहिलात तर सकाळ-संध्याकाळ मिळून तीन-चार संधी मिळतात. बुकिंग करण्याआधी कुठल्या घरट्याचे दिवस भरत आलेत, एवढं फोनवर विचारून घ्या.

चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 मध्ये सुरू केलेली पद्धत बघण्यासारखी आहे. वाळूतल्या मागावरून घरटं शोधून अंडी कुंपणात हलवतात. हे काम लवकर उरकावं लागतं. काही तासांतच गर्भ कवचाला आतून चिकटतो आणि मग अंडं फिरलं तर तो दगावतो. नवा खड्डाही मादीने केलेल्या खड्ड्यासारखाच, तोंडाशी अरुंद आणि तळाशी रुंद. दिवस भरत आले की वर टोपली पालथी घालतात. ती उचलण्याच्या क्षणी सगळी गर्दी गप्प होते!

पिल्लं थेट पाण्यात सोडत नाहीत, वाळूवरून चालू देतात. बघणाऱ्यांसाठी बांधलेल्या दोरीपुढे पाय टाकू नका, कारण खोल पाऊलखुणेत पिल्लू अडकतं. फ्लॅश आणि टॉर्चही नकोत, पिल्लं उजेडाकडे वळतात. मुलांना वाळूत कासव घडवायचं असेल तर जरूर घडवू द्या, पण पिल्लांच्या वाटेपासून लांब आणि भरतीच्या रेषेखाली, म्हणजे पाणीच ते पुसून टाकेल. वाटेतला वाळूचा ढीग त्या जिवांना डोंगराएवढा असतो.

मुक्काम गावकऱ्यांच्या घरी, पैसे थेट त्यांच्याच हातात. या उपक्रमाचं खरं बळ तेच: कासव टिकलं तर पाहुणे येतात. हॉटेलची अपेक्षा घेऊन जाल तर चिडचिड होईल. न्हाणीघर सामायिक आहे का, जेवण दरात धरलंय का, हे आधीच ठरवा आणि रोख रक्कम जवळ ठेवा. हरिहरेश्वरकडून येणार असाल तर बागमांडला-वेशवी फेरीबोटीने बराच वळसा वाचतो. शेवटच्या बोटीची वेळ मात्र विचारून निघा, संध्याकाळची टोपली तिच्यामुळेच हुकते.