पाच वॉटचा ट्यूब ॲम्प: आधी सर्किट उघडावे की आधी स्पीकर बदलावा?

एक १२एएक्स७ आणि एक ईएल८४ किंवा ६व्ही६ अशा दोन ट्यूब (जुन्या रेडिओत असत तसे काचेचे व्हॉल्व्ह), आठ इंची स्पीकर आणि व्हॉल्यूमचे एकच बटण असा गिटारचा लहान ट्यूब ॲम्प ज्यांच्या घरी आहे, त्यांच्यापुढे काही महिन्यांतच एक प्रश्न उभा राहतो. आवाजात काहीतरी आहे हे कळते आणि काहीतरी कमी आहे हेही कळते. मग हाताशी असलेले पैसे आणि चार रविवार कशावर घालवावेत? आतले कपॅसिटर आणि रेझिस्टर बदलून सर्किटलाच वळण लावावे, की सर्किटला हात न लावता गिटारसाठी बनवलेला चांगला स्पीकर मोठ्या पेटीत बसवावा? मी दोन्ही केले आहे. ज्या क्रमाने केले तो क्रम मात्र पुन्हा संधी मिळाली तर ठेवणार नाही.

सर्किटच्या बाजूने बोलणारी पहिली गोष्ट म्हणजे खर्च. पुण्याच्या बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत एक फेरी मारली की मेटल फिल्म रेझिस्टर, ०.६८ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर आणि ४५० व्होल्टचे इलेक्ट्रोलिटिक असा बहुतेक ऐवज दोन माणसांच्या मिसळीच्या बिलात हाती येतो. फक्त अंगावर छापलेले व्होल्टेज आपण स्वतः वाचून घ्यावे. मला एका दुकानात २५० व्होल्टचा कपॅसिटर ‘चालतो हो साहेब, काही होत नाही’ असे म्हणत पुडीत घालून देण्यात आला होता, आणि तो ज्या जागी बसायचा होता तिथे तीनशेच्या वर व्होल्ट होते.

दुसरी गोष्ट म्हणजे सर्किटमधील काही बदल खरोखरच ऐकू येतात. पहिल्या ट्यूबमधील पहिल्या ट्रायोडच्या (आवाज वाढवणाऱ्या पहिल्या भागाच्या) कॅथोड नावाच्या टोकाला १.५ किलोओहमचा रेझिस्टर आणि त्याला समांतर २२ किंवा २५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ही अशा ॲम्पमधील नेहमीची जोडी असते. एवढ्या मोठ्या कपॅसिटरमुळे गिटारच्या सर्वांत खालच्या, ८२ हर्ट्झच्या स्वरालाही पूर्ण गेन, म्हणजे पूर्ण वाढ, मिळतो. पण बेताचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि छोटा स्पीकर यांना तो खर्ज पेलत नाही, आणि आवाज चढवला की जाड तार गाळातून चालल्यासारखी वाटू लागते. त्या जागी ०.६८ चा कपॅसिटर लावला की साधारण तीनशे हर्ट्झपासून खाली गेन हळूहळू उतरत जातो आणि अगदी तळाशी जवळजवळ निम्म्यावर येतो. जाड तारेवर वाजवलेला कॉर्ड त्यानंतर मोकळा ऐकू येतो. हा बदल माझ्या ॲम्पमध्ये आजही आहे आणि तो काढण्याचा विचार कधी मनात आलेला नाही.

गुणगुणीचा प्रश्नही सर्किटच्याच बाजूला जातो. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्याने रेक्टिफायरनंतर (एसीची डीसी करणाऱ्या भागानंतर) नीट गाळला न गेलेला आवाज १०० हर्ट्झचा असतो, आणि जाड तारेच्या तिसऱ्या पडद्यावरील स्वर ९८ हर्ट्झचा. ही तार तिसऱ्या पडद्यावर दाबून छेडावी आणि ऐकत राहावे. आवाज सेकंदाला सुमारे दोनदा डोलत असेल, तर फिल्टर कपॅसिटर थकले आहेत किंवा मुळातच कमी पडत आहेत असे बहुधा समजता येते. गुणगुण याहून एक सप्तक खाली असेल, तर फिलामेंटची (ट्यूब तापवणाऱ्या तारेची) वायरिंग किंवा अर्थिंग आधी तपासावे. दोन्ही प्रसंगी स्पीकर बदलून काही साधत नाही. मोठ्या स्पीकरमधून तीच गुणगुण अधिक भरदार ऐकू येते.

डाग न देता, म्हणजे सोल्डरिंग न करता, करता येण्याजोगा एक मधला मार्गही आहे, तो म्हणजे पहिली ट्यूब बदलणे. १२एएक्स७ चा ॲम्प्लिफिकेशन फॅक्टर (ट्यूबची सिग्नल वाढवण्याची क्षमता) १००, ५७५१ चा ७० आणि १२एवाय७ चा चाळिशीतला; तिन्ही एकाच सॉकेटमध्ये बसतात. ॲम्पचा आवाज फार लवकर फाटतो अशी ज्यांची तक्रार आहे, त्यांनी हे आधी करून पाहावे.

इथपर्यंत वाचणाऱ्याला पारडे सर्किटकडे झुकलेले वाटेल, आणि माझेही पहिले तीन रविवार तसेच झुकलेले होते. माझे मत फिरवले ते एका कटकटीने. आजच्या बहुतेक स्वस्त लहान ॲम्पमध्ये ट्यूबचे सॉकेट, व्हॉल्यूमचे पॉट आणि जॅक हे सगळे एकाच छापील बोर्डावर बसवलेले असते. एक कपॅसिटर बदलायचा म्हटले, तरी त्या बोर्डाच्या पाठीपर्यंत पोहोचावे लागते. त्यासाठी ट्यूब काढायच्या, बटण ओढून काढायचे, पॉटची आणि जॅकची नटे सोडवायची, बोर्डाचे स्क्रू काढायचे आणि ट्रान्सफॉर्मरच्या वायरी कुठे होत्या त्याचा फोटो काढून ठेवायचा. त्याआधी फिल्टर कपॅसिटरमधला साठा रेझिस्टरमधून उतरवायचा आणि मीटर लावून तो खरोखर उतरला आहे याची खात्री करायची, कारण प्लग काढला म्हणजे आतली वीज गेली असे इथे होत नाही. इतके झाल्यावर डाग देण्याचे काम दोन मिनिटांचे. मग सगळे उलट क्रमाने परत. घड्याळ लावून पाहिले नाही, पण चहाचा एक कप पूर्ण गार होऊन त्यावर साय धरलेली असे.

आणि एवढ्या वेळात कान आधीचा आवाज विसरलेले असतात. जे आठवते ती आपली अपेक्षा. कपलिंग कपॅसिटर (एका टप्प्यातून पुढच्या टप्प्यात सिग्नल नेणारा) बदलल्यावर ‘वरचे स्वर उघडले’ असे मी माझ्या वहीत लिहून ठेवले आहे. पुढच्याच रविवारी जुना कपॅसिटर परत लावला आणि वहीत पुन्हा जवळपास तेच वाक्य लिहिले. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करूनही पाहिले. त्यात ०.६८ चा फरक स्पष्ट आला. बाकीच्या बदलांचे तुकडे धाकट्या भावाला उलटसुलट ऐकवले, तेव्हा त्याने नम्रपणे ‘दोन्ही छान आहेत’ असे सांगितले. तिसऱ्या खेपेला त्याच जागेवर डाग देताना बोर्डावरील तांब्याची पातळ पट्टी कपॅसिटरच्या पायाला चिकटून खपलीसारखी निघून आली. पुढे तिथे वायरचा तुकडा जोडून काम भागवले, ॲम्प चालतोही. पण त्या दिवसानंतर तो उघडताना हात थोडा कचरतो, हे मान्य केले पाहिजे.

स्पीकरची गोष्ट योगायोगाने सुरू झाली. एका मित्राचा ट्रान्झिस्टर ॲम्प कायमचा बंद पडला होता आणि त्यातला आठ ओहमचा बारा इंची गिटार स्पीकर धडधाकट होता. माझ्या ॲम्पलाही आठ ओहमच लागत असल्याने तो स्पीकर त्याच्या अर्ध्या उघड्या पेटीसह घरी आणला आणि आठ इंचीची वायर काढून त्याला जोडली. वडील शेजारच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत बसले होते. कपॅसिटरच्या तीन रविवारांत त्यांनी एकदाही मान वर केली नव्हती. या वेळी मात्र ते दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “आतापर्यंत कुणीतरी डब्यात तोंड घालून गात होतं. आज बाहेर आला वाटतं.” व्हॉल्व्हच्या रेडिओवर वाढलेल्या माणसाचे मत म्हणून मी ते मोजमापाच्या जागी ठेवले आहे, हे शास्त्रीय नाही याची जाणीव ठेवूनच.

तरी यामागे काही हिशेब आहे. समजा, मूळचा आठ इंची स्पीकर एका वॉटला एक मीटरवर ९२ डेसिबल देतो आणि नवा बारा इंची ९८. दर तीन डेसिबलला वॉट दुप्पट धरले, तर हा सहा डेसिबलचा फरक पाच वॉटचा ॲम्प वीस वॉटचा केल्याइतका होतो, आणि कपॅसिटर कितीही बदलले तरी ॲम्पमध्ये तेवढी ताकद येत नाही. शिवाय गिटारच्या स्पीकरच्या कोनाचा, म्हणजे कागदी शंकूचा, आवाज साधारण पाच किलोहर्ट्झच्या वर झपाट्याने खाली येतो, त्यामुळे ओव्हरड्राइव्हमधली (आवाज चढवल्यावर फाटणाऱ्या स्वरांमधली) करकर गाळली जाते आणि मधला भाग पुढे येतो. तंबोऱ्याची जवारी चांगली लागल्यावर एकाच तारेतून जसे आणखी स्वर बोलू लागतात, तसे काहीसे या कोनात घडते. हे वाक्य मोजून सिद्ध करता येणार नाही, पण मिरजेचा तंबोरा ज्यांनी जवळून ऐकला आहे त्यांना माझे म्हणणे कळेल.

एक अनपेक्षित फायदाही झाला. एकाच खोक्यात असताना आठ इंची स्पीकर ट्यूबना सतत हादरवत असे आणि विशिष्ट स्वरांवर पहिली ट्यूब भांड्यासारखी किणकिणत असे. स्पीकर वेगळ्या पेटीत जाताच ती किणकिण जवळजवळ थांबली. तिच्यासाठी माझ्या दोन ट्यूब बदलून झाल्या होत्या.

आणि तुलना करणे सोपे झाले. ॲम्प बंद करायचा, स्पीकरचा प्लग बदलायचा, पुन्हा चालू करून फिलामेंट तापेपर्यंत अर्धा मिनिट थांबायचे. ॲम्प चालू ठेवून प्लग काढण्याची घाई मात्र कधीही करू नये. स्पीकरविना वाजलेल्या ट्यूब ॲम्पचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. पण मिनिटभरात दोन्ही आवाज कानावर येतात आणि पहिला विसरलेला नसतो. निवड करणाऱ्यासाठी, माझ्या मते, यापेक्षा मोठी सोय नाही.

स्पीकरच्या विरुद्ध जाणाऱ्या गोष्टी लपवण्यात अर्थ नाही. पहिली म्हणजे तो जोरात वाजतो. ट्यूब ॲम्पचा गोडवा आवाज चढवल्यावर येतो, आणि ज्याच्या भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचे झोपायचे पलंग आहेत त्याला सहा डेसिबल अधिक म्हणजे वरदान नव्हे. त्याने कमी संवेदनशील, म्हणजे तेवढ्याच वॉटला कमी जोरात वाजणारा, बारा इंची शोधावा. आवाजाचा आकार तसाच मोठा राहतो आणि बटण थोडे अधिक फिरवता येते. दुसरी गोष्ट खर्चाची: नवा गिटार स्पीकर आयात केलेला असला तर त्याची किंमत अख्ख्या ॲम्पच्या बरोबरीने जाऊ शकते, म्हणून जुना, न फाटलेला मिळाला तर आधी तो पाहावा. मंडपवाल्याकडचा बारा इंची स्वस्तात मिळतो म्हणून घेण्याचा मोह मलाही झाला होता. भाषणासाठी आणि आरतीसाठी तो उत्तम आहे, परंतु मध्ये छोटा दुसरा कोन असलेल्या त्या स्पीकरवर माझा ओव्हरड्राइव्ह पत्र्यावर खडे पडल्यासारखा ऐकू आला. तिसरी अडचण वाहून नेण्याची. आठ इंची कॉम्बो (ॲम्प आणि स्पीकर एकाच खोक्यात) स्कूटरवर पायांपाशी मावतो. पेटी मावत नाही, आणि रिक्षात ती ठेवली की आपण कुठे बसायचे हा प्रश्न उरतो. ज्यांना दर आठवड्याला सरावासाठी बाहेर जावे लागते, त्यांनी याचा विचार माझ्यापेक्षा जास्त करावा.

पेटी मी नंतर स्वतःची करून घेतली. भवानी पेठेतील टिंबर मार्केटमधून १८ मिलिमीटरचा प्लाय आणला आणि वीस इंच रुंद, अठरा इंच उंच, दहा इंच खोल अशी पेटी सुताराकडून बनवून घेतली, मागची बाजू अर्धी उघडी ठेवून. सुताराला मागची फळी अपुरी ठेवणे मंजूर नव्हते. आतले ‘दिसते’ हा त्याचा आक्षेप होता. पेटी भिंतीपासून हातभर पुढे ओढली की खर्ज सुटा होतो आणि भिंतीला टेकवली की फुगतो, म्हणजे सर्किटमध्ये कपॅसिटर बदलून जे शोधत होतो त्यातले थोडेसे पेटी सरकवून मिळते.

ज्यांचा ॲम्प हाताने जोडलेल्या पट्टीवर बांधलेला आहे, छापील बोर्डावर नाही, त्यांना माझी कटकट लागू होत नाही. तिथे डाग वरून देता येतो आणि प्रयोगाचा आनंदही मिळतो. ज्यांचा ॲम्प गुणगुणतो त्यांनी आधी फिल्टर पाहावेत. बाकीच्यांनी, माझा अनुभव एकाच ॲम्पचा आणि एकाच घराचा आहे हे लक्षात घेऊन, कोणाचा तरी बारा इंची स्पीकर एका संध्याकाळपुरता मागून आणावा आणि ॲम्पवर छापलेले ओहम जुळत असल्याचे पाहून जोडावा. कॅथोडचा ०.६८ नंतर लावता येईल.

कोथरूडच्या एका परिचितांनी त्यांच्या ॲम्पला लावून पाहण्यासाठी माझी पेटी आठ दिवसांसाठी नेली. तोवर त्यांनी सर्किटमध्ये बदलायच्या अकरा गोष्टींची यादी करून माझ्याकडे तपासायला दिली होती. त्या यादीविषयी नंतर त्यांनी काही विचारलेले नाही, आणि पेटीही अजून परत आलेली नाही.